चार डमींची खंडेनवमी

शिरा बारा जणांचा झाला होता आणि खोलीत माणूस एकच होतं. दुपारचे अडीच वाजले तेव्हा सत्यभामानं पातेल्यावरचं ताट उचलून पाहिलं, पुन्हा झाकलं आणि दाराकडे बघितलं. दार बंद होतं. ते बंदच असायचं. एसीची हवा बाहेर जाऊ नये म्हणून त्याला आपोआप मिटवणारा दांडा बसवला होता, आणि तो इतक्या इमानानं काम करायचा की कुणी येता येता राहून गेलं असेल तरी आतल्याला पत्ता लागू नये.

जुईनगरहून शिरवण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर टेलिफोन खात्याची ही दुमजली इमारत. खाली पहारेकरी, वर फायबरची खोली. केसाएवढ्या काचेच्या तारेतून प्रकाश धावतो आणि त्या प्रकाशावर स्वार होऊन हजारो माणसांचं बोलणं इकडून तिकडे जातं, असं सत्यभामाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. तिनं ते मानलं. न मानून करते काय? आख्ख्या वसाहतीचं बोलणं या खोलीतून जात होतं आणि खोलीत दिवस दिवस कुणी बोलत नव्हतं. पंख्यांची घरघर तेवढी असायची.

नवरा नामदेव खात्यातच होता. तो गेल्यावर अनुकंपेवर तिला ही नोकरी लागली, त्याला आता सहा वर्षं झाली. काम फार नव्हतं. दर तासाला तापमान रजिस्टरात लिहायचं, जाळ्या झाडायच्या, वाशीच्या कंट्रोलला फोनवर ‘ठीक’ म्हणायचं. आणि डमी सांभाळायच्या.

कपाटासारखं उंच यंत्र, त्यात सोळा उभे खाने. बारा खान्यांत कार्डं, उरलेल्या चारांत डमी. डमी म्हणजे पत्र्याचं पोकळ खोकं. पुढं धरायला दांडी, वर एक स्क्रू, खाली एक स्क्रू, आत काही नाही. नवं कार्ड आलं की डमी काढायची, कार्ड दुरुस्तीला गेलं की तिथं डमी बसवायची. ट्रेनिंगला बंगळूरहून आलेल्या इंजिनिअरला तिनं विचारलं होतं, “मग ही करते काय?”

“काहीच नाही. फक्त जागा उघडी राहू देत नाही. खाना उघडा राहिला तर पंख्यांची हवा वर जायच्या ऐवजी तिथूनच बाहेर पळते. मग शेजारची कार्डं तापतात.”

त्या आठ दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये सत्यभामाला लगेच समजलेली गोष्ट ही एवढीच.

खंडेनवमीची पूजा तिनं नोकरीच्या पहिल्या वर्षापासून चालवली होती. त्यामागं तिचं एक कारण होतं, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्या सोसायटीत नवरात्रभर हळदीकुंकवं व्हायची. जिन्यावरून पैंजणं वाजत वर जायची, खाली यायची, आणि तिच्या दारापाशी पावलं थोडी हलकी व्हायची. कुणाचा राग नव्हता तिला. रीतच तशी. पण यंत्राला कुंकू लावायला सवाष्ण लागत नाही. वर्षातून एक दिवस ती करंडा उघडायची, तो या खोलीत.

गेल्या वर्षी मात्र झेंडूची एक पाकळी पंख्यात गेली आणि पंखा दोन दिवस खोकत राहिला. लगेच विभागाचे खांबेटे साहेब यांच्या सहीनं परिपत्रक निघालं: ‘उपकरणावर हळद, कुंकू, फुले अथवा अन्य काहीही वाहू, लावू वा चिकटवू नये.’ सत्यभामानं ते भिंतीवर लावलं आणि मनापासून पाळायचं ठरवलं. उपकरणाला लावायचं नाही ना? नको. चालू कार्ड तर बाहेर काढताच येत नाही, शहर मुकं होईल. पण डमी? डमीला कुठं काय चालू असतं! डमी काढून पाटावर मांडायच्या, पाच मिनिटांत पूजा, पुन्हा जागेवर. परिपत्रकही पाळलं, देवीही पावली.

आठ दिवस आधी तिनं अकरा जणांना फोन केले होते. सगळे म्हणाले, “बघतो.” बघतो म्हणजे काय ते सहा वर्षांत तिला कळायला हवं होतं. पण रवा भाजताना माणूस आशेच्याच मापानं भाजतो.

नवरात्रात तिचे तीन नेम असत. अनवाणी राहायचं, एक वेळ जेवायचं आणि नऊ दिवस खोटं बोलायचं नाही. तिसरा नेम तिला कधीच जड गेला नव्हता. खोटं बोलायला समोर माणूस लागतं.

पावणेतीनला तिनं दाराकडे बघणं सोडलं. अंगातली वीज यंत्राला लागू नये म्हणून मनगटाला अर्थिंगची पट्टी बांधली, आठ स्क्रू सोडवले, चारही डमी अलगद ओढून काढल्या. पाटावर लाल खण, त्यावर डमी ओळीनं, शेजारी स्क्रूड्रायव्हर. हळद, कुंकू, अक्षता, फूल. निरांजन ओवाळलं. एकटीनंच आरती म्हटली, टाळ्याही एकटीच्याच. घंटी खाली ठेवली, डमी उचलायला हात पुढं केला आणि तो तसाच थांबला.

खंडेनवमीला मांडलेलं हत्यार उत्तरपूजेवाचून हलवत नाहीत! सासरी, साताऱ्याकडं, मांडलेल्या नांगराच्या फाळाला सासऱ्यांनी दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाला बोट लावू दिलं नव्हतं. आजवर ती यंत्राची जागच्या जागी पूजा करत होती, त्यामुळे हलवायचा प्रश्नच कधी आला नव्हता. आता आला.

फोन वाजला. वाशीच्या कंट्रोलमधला गंगाराम. सहा वर्षं रोज बोलून तिनं त्याचा चेहरा कधी पाहिला नव्हता.

“बाई, तुमच्याकडं काय पेटलंय काय?”

“निरांजन.”

“ते नाय ओ! टेंपरेचर! अलार्म वाजतोय, एकेचाळीस दाखवतंय. सकाळी अठ्ठावीस होतं.”

“बघते,” असं म्हणून तिनं फोन ठेवला. चारही उघड्या खान्यांतून हवा फूं फूं करत बाहेर येत होती. तिनं रजिस्टर उचललं आणि एका खान्यावर उभं धरलं. हवा थांबली. मग परिपत्रकांची फाइल दुसऱ्या हातानं दुसऱ्यावर धरली. दोन खाने झाले, दोन उरले. हात संपले.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. आता उचलणार कशानं? तो वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. “अहो, येते हो, येते,” असं ती फोनला म्हणत राहिली, पण हात सोडवेनात.

तिकडे गंगाराम खुर्चीतून उठून उभा राहिला. तापमान चढतंय, बाई फोन उचलत नाहीत, आणि मघाशी त्या स्वतःच्या तोंडानं निरांजन म्हणाल्या होत्या. त्यानं जितके नंबर पाठ होते तितके फिरवले.

पहिला आला खालचा पहारेकरी हौसेराव. पलटणीतून निवृत्त झालेला, कोरेगावचा, मिशा अजून नोकरीत असलेल्या. खांद्यावर वाळूची बादली घेऊन तो दार ढकलून आत घुसला.

“बाई! आग कुटं हाय?”

“आग नाही. बादली ठेवा आणि हे रजिस्टर धरा.”

“कशाला?”

“धरा तर.”

पलटणीतल्या माणसाला हुकूम कळतो. त्यानं रजिस्टर हातानं धरलं आणि शेजारची फाइल खांद्यानं दाबली. सत्यभामा तिसऱ्या खान्यावर ताट घेऊन उभी राहिली. शिरा उघडा पडला आणि वेलचीचा वास खोलीभर झाला.

दहा मिनिटांत एसीवाला कासिम आला. उरणकडचा, हसरा. मोकळे हात पुढं करून म्हणाला, “बाई, तुमचा एसी तर झकास चाललाय! आणि नसता चालला तरी मी काय करणार होतो? आमच्या शेटनं सगळे पाने पूजेला मांडलेत. टेस्टरपन ठेवला नाय खिशात.”

“बरं झालं, हात मोकळे आहेत,” सत्यभामा म्हणाली. “तो पुठ्ठा घ्या आणि चौथ्यावर धरा.”

अशा रीतीनं तिघं यंत्राला टेकून उभी असताना खांबेटे साहेब आले. दाराबाहेर बूट काढून ते आत शिरले. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर बघत होता. त्यांनी आधी यंत्राकडे पाहिलं, मग पाटाकडे, मग भिंतीवरच्या स्वतःच्या परिपत्रकाकडे.

“हे काय आहे, बाई?”

“परिपत्रक पाळलं, साहेब.”

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. कपाळ चोळलं. “ठीक. झाली ना पूजा? उचला आणि बसवा.”

“मांडलेलं हलवता येत नाही, साहेब. उद्या उत्तरपूजा झाल्यावर.”

“उद्या? अहो, उद्यापर्यंत ही सगळी कार्डं भाजून निघतील! हौसेराव, तुम्ही उचला.”

“म्या?” हौसेरावाची मिशी हलली. “साहेब, आमच्यात तलवार मांडली की आजासुदिक हात लावत न्हवता. तुमी म्हनाल तर गोळी खातो. हे नगं.”

“कासिम?”

“साहेब, मला कुठं घालता यात? उद्या लाइन गेली तर सगळे बोलतील, कासिमनं पूजेचा सामान उचलला. तुमीच उचला ना. तुमी तर साहेब.”

साहेब पाटापाशी गेले. वाकले. दोन क्षण तसेच राहिले. आणि सरळ झाले. “वाशीच्या स्टोअरमध्ये जादा डमी असतील,” असं म्हणून त्यांनी फोन लावला. पलीकडून गंगारामनं सांगितलं की जादा डमी आहेत, पण स्टोअरला कुलूप आहे.

“मग उघडा!”

“किल्ली पूजेत हाय, साहेब. ज्योतिबा स्टोअरकीपर मांडून घरी गेला.”

“चिकटपट्टी लावू या का?” कासिमनं विचारलं. “चार पुठ्ठे, चार पट्ट्या, विषय संपला.”

सगळ्यांनी भिंतीवर पाहिलं. ‘वाहू, लावू वा चिकटवू नये.’ खाली सही. सहीच्या मालकानं खाकरून सांगितलं, “डिंक आत जातो. ते जमणार नाही.”

मग ते म्हणाले, “बाई, तुम्ही कुणाला तरी विचारा. जाणत्याला. द्या इकडे ते ताट.” आणि तिसऱ्या खान्यावर ताट धरून विभागाचे साहेब मोज्यांवर उभे राहिले.

शिरवण्याच्या देवळातल्या गुरुजींचा नंबर सत्यभामाला पाठ होता. गुरुजी झोपेतून उठून फोनवर आले. सगळं ऐकून हसलेच.

“अगं, एवढंच ना? अक्षता टाक, ‘पुनरागमनाय च’ म्हण, जागेवरून जराशी हलव आणि बसव तुझ्या यंत्रात. एका मिनिटाचं काम. लोकांची सोय अडवून देवी कशाला बसेल? आणि मनाला लागतच असेल तर सूर्यास्तानंतर काढ. तेही चालतं.”

“बरं,” सत्यभामा म्हणाली. रिसीव्हर कानाला तसाच धरून तिनं मागं वळून पाहिलं.

हौसेराव कासिमला सांगत होता की पोरगा पुण्यात मोठ्या पगारावर आहे, पण त्याचं पत्र येतं ते सूनबाईच्या अक्षरात. कासिम म्हणत होता, “चाचा, येतंय ना? माझा भाऊ दुबईला. तो तर कॅसेट भरून पाठवतो आणि त्यात निम्मी गाणीच असतात.” साहेब हसले. या खोलीत तिनं कुणाला हसताना ऐकलं नव्हतं. पंख्यांच्या आवाजातही ते हसू वेगळं कळलं.

नवरात्राचा नववा दिवस होता. तिसरा नेम अजून शाबूत होता.

“काय म्हणाले?” साहेबांनी विचारलं.

“सूर्यास्तानंतर काढलं तर चालतं, म्हणाले.”

शब्दन् शब्द खरा होता. फक्त मागचा भाग सांगायचा राहिला होता, आणि न सांगितलेलं वाक्य खोटं कसं असेल, असं तिनं मनातल्या मनात देवीला विचारलं. देवी काही बोलली नाही. ती मूकसंमती धरून सत्यभामानं रिसीव्हर ठेवला.

“म्हणजे सव्वासहा,” साहेबांनी मनगटाकडे पाहिलं. चार वाजले होते. “दोन सव्वादोन तास. उभं राहावं लागणार.”

“मग तोवर शिरा खाऊन घ्या,” सत्यभामा म्हणाली.

एक हात खान्यावर, दुसऱ्या हातात घास, मग ताटली कुणी धरायची? ती सत्यभामानं धरली. एकाचे चार घास झाले की दुसऱ्याकडं, तिथून तिसऱ्याकडं. मधेच कुणाला खाज सुटली की त्याचा खाना तिनं धरायचा. कुणाला पाणी, कुणाला खुर्ची. सहा वर्षांत ती या खोलीत इतकी चालली नव्हती. अनवाणी पाय गार फरशीवर पटपट पडत होते.

गंगारामचा दर पाच मिनिटांनी फोन. शेवटी साहेबच म्हणाले, “रिसीव्हर काढूनच ठेवा टेबलावर. तिथूनच ओरडू दे.” मग रिसीव्हरमधून बारीक आवाज यायला लागला. “चौतीस!” थोड्या वेळानं, “एकतीस!” मग, “एकोणतीस! काय करताय तरी काय तुमी?” आणि मग बराच वेळ आकडा नाही.

“गंगाराम, किती?” साहेबांनी हाक मारली.

“अठ्ठावीस कवाच झालं. मी हौसेरावांची लढाईची गोष्ट ऐकतोय. पुढं काय झालं मग?”

हौसेरावानं पुढचं सांगितलं. लढाईत त्याच्याकडं स्वयंपाकघर होतं, हे गोष्टीच्या शेवटी निघालं, आणि रिसीव्हरसकट सगळे हसले. कासिमनं बहीण मेहरुनच्या लग्नाचं सांगितलं. नवऱ्यामुलाला बोटीवर चक्कर येते आणि तो मच्छीमारांच्या घरचा. साहेब आधी नुसते ऐकत होते. मग त्यांनी लहानपणी प्रसादाच्या शिऱ्यात केळं घातलंय की नाही यावरून भावाशी मारामारी केल्याचं सांगितलं. तिसऱ्यांदा ताटली पुढं आली तेव्हा ते नाही म्हणाले नाहीत.

“यात केळं आहे,” ते म्हणाले.

“आहे ना,” सत्यभामा म्हणाली, आणि उगाच यंत्रामागची जाळी झाडायला गेली. जाळी स्वच्छ होती. डोळ्यांत काही गेलं असेल तर तिथं ते पुसायला बरं.

साडेपाचला तिनं खिडकीकडे पाहिलं, पावणेसहाला पुन्हा. नवरात्रात दिवस एवढा भराभर बुडतो हे तिनं आधी कधी लक्षात घेतलं नव्हतं. सव्वासहाला नाइलाजानं ती पाटापाशी बसली. अक्षता टाकल्या, मंत्र म्हटला, डमी जराशा हलवल्या. एकेक उचलून कुंकू पुसलं, पट्टी मनगटाला बांधली. तिनं डमी सरकवली की समोरचा एकेक हात मोकळा व्हायचा. आधी हौसेराव, मग कासिम. साहेबांचा खाना शेवटी. आठही स्क्रू घट्ट बसले.

“अठ्ठावीस,” टेबलावरून गंगाराम म्हणाला. “ठेवू का मग?” आणि थोडं थांबून, “बाई, माझ्यासाठी थोडा राखा. उद्या येतो. नुसतं बघतो म्हणत नाय, येतो.”

हौसेरावानं वाळूची बादली उचलली. कासिमनं मेहरुनसाठी कागदात शिरा बांधून घेतला. दोघं जिना उतरले. पातेलं रिकामं होतं.

खांबेटे साहेब दाराशी बूट घालत होते. नाडी बांधता बांधता मान वर न करता त्यांनी विचारलं, “गुरुजी सूर्यास्तानंतर म्हणाले. त्याच्या आधी काय म्हणाले होते?”

आता अर्धं वाक्य पुरणार नव्हतं.

“अक्षता टाकून लगेच हलवली तरी चालते, म्हणाले.”

“हं.” साहेबांनी नाडी ओढली. “माझ्या वडिलांनी गुहागरकडे चाळीस वर्षं भिक्षुकी केली, बाई. तुम्ही सूर्यास्त म्हणालात तेव्हाच मला उरलेलं आठवलं.”

“मग बोलला का नाहीत?”

साहेबांनी दुसरा बूट पुढं ओढला. “बेलापूरच्या क्वार्टरवर आज आहे कोण? पोरांच्या शाळा पुण्यात. बायको तिकडेच.” मग घसा साफ करून, साहेबाच्या आवाजात, “पण हे असं पुन्हा नको. अलार्म वगैरे. वर विचारलं तर मी काय सांगू? पुढच्या वर्षी सरळ फोन करा. मी येईन.”

“केला होता, साहेब,” सत्यभामा हळूच म्हणाली. “आठ दिवस आधी. तुम्हाला दोनदा.”

साहेबांनी बांधलेली नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. मग उठून कठड्याला धरून दोन पायऱ्या उतरले आणि थांबले.

“मग अलार्मच बरा,” ते म्हणाले, आणि खाली गेले.